क्वांटम संगणन आणि कूटलेखनाची सुरक्षितता : गोपनीयतेच्या आयुर्मानाचा प्रश्न

सारांश

आजच्या सार्वजनिक किल्ली कूटलेखनाची सुरक्षितता, काही गणिती प्रश्न व्यवहारात सुटू शकत नाहीत, या गृहीतकावर उभी आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या रीतीने हे गृहीतक क्वांटम संगणकाच्या बाबतीत टिकत नाही, हे दाखवून दिले. ही रीत मोठ्या संख्यांवर चालवू शकेल असा संगणक अद्याप जगासमोर आलेला नाही. तथापि आज टिपून ठेवलेली माहिती उद्याच्या यंत्राने उलगडता येणार असल्याने हा प्रश्न भविष्यकाळातील नसून वर्तमानकाळातील आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची गणिती पार्श्वभूमी, यंत्रांची प्रगती, पर्यायी कूटलेखन आणि स्थित्यंतराला लागणारा काळ यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : क्वांटम संगणक, सार्वजनिक किल्ली, शोर रीत, तार्किक क्यूबिट, उत्तर-क्वांटम कूटलेखन.

१. प्रस्तावना

बँकेचा व्यवहार, रुग्णालयातील नोंद, शासकीय पत्रव्यवहार आणि विद्यार्थ्याची डिजिटल पदवी या वरवर पाहता भिन्न गोष्टी आहेत. त्यांच्या सुरक्षिततेचा पाया मात्र एकच आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे आहे. परंतु केवळ गुणाकार हाती असताना त्या दोन संख्या शोधून काढणे अत्यंत अवघड आहे. हे अवघडपण गणिताने सिद्ध केलेले नाही. अनेक पिढ्यांच्या प्रयत्नांनंतरही सोपी रीत सापडली नाही, एवढाच त्याचा आधार आहे. म्हणजेच आधुनिक व्यवहारातील विश्वास हा एका अर्थाने अनुभवजन्य विश्वास आहे.

क्वांटम संगणकाविषयीच्या चर्चेत बहुधा ‘हे यंत्र केव्हा तयार होईल?’ असा प्रश्न विचारला जातो. कूटलेखनाच्या दृष्टीने हा प्रश्न अपुरा आहे. आपली गुपिते किती वर्षे टिकायला हवीत आणि कुलपे बदलण्यास किती वर्षे लागतील, हे दोन प्रश्न त्याच्या जोडीला विचारल्याखेरीज धोक्याचे खरे मोजमाप होत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. सार्वजनिक किल्लीची संकल्पना

१९७० च्या दशकापर्यंत गुप्त संदेशाच्या देवाणघेवाणीत एक मूलभूत अडचण होती. संदेश पाठविणारा आणि स्वीकारणारा या दोघांकडे एकच गुप्त किल्ली असावी लागे आणि ती किल्ली आधी सुरक्षितपणे पोहोचवावी लागे. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी या अडचणीतून मार्ग दाखविला. १९७७ मध्ये रॉन रिव्हेस्ट, अदि शमीर आणि लेनर्ड एडलमन यांनी त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी आर.एस.ए. पद्धत तयार केली. या पद्धतीत प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असतात. कुलूप लावण्याची किल्ली सर्वांना जाहीर केली जाते. उघडण्याची किल्ली मात्र मालकाजवळच राहते. जाहीर किल्लीत दोन मूळ संख्यांचा गुणाकार असतो. त्याचे अवयव ज्याला काढता येतील, त्याला खासगी किल्लीही मिळते.

या पद्धतीच्या सुरक्षिततेविषयीचे अंदाज किती नाजूक असतात, याचे एक उदाहरण उद्बोधक आहे. ऑगस्ट १९७७ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या स्तंभात १२९ अंकी संख्येवर आधारलेला एक कूटसंदेश वाचकांपुढे ठेवला. तो उलगडण्यास ४ वर १६ शून्ये इतकी वर्षे लागतील, असा अंदाज त्यात दिला होता. प्रत्यक्षात १९९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी सुमारे १,६०० संगणकांच्या साहाय्याने आठ महिन्यांत त्या संख्येचे अवयव काढले. यंत्रे वेगवान झाली होती हे खरे. परंतु अवयव काढण्याच्या गणिती रीतीही दरम्यान सुधारल्या होत्या. कूटलेखनाला धोका केवळ यंत्राकडून नसतो, नव्या कल्पनेकडूनही असतो, हा धडा येथे मिळतो.

अर्थात संख्येची लांबी वाढविणे हा या धोक्यावरील सोपा उपाय होता. आज प्रचलित असलेल्या २,०४८ बिटांच्या किल्लीतील संख्या ६१७ अंकी असते. २०२० मध्ये २५० अंकी आर.एस.ए. संख्येचे अवयव काढण्यात यश आले. परंतु त्यासाठी एका संगणक-गाभ्याने सुमारे २,७०० वर्षे करावे इतके काम अनेक यंत्रांत वाटून घ्यावे लागले. ६१७ अंकी संख्या पारंपरिक संगणकाच्या आवाक्याबाहेरच आहे.

३. शोर यांची रीत

१२९ अंकी संख्येचे अवयव सापडले त्याच वर्षी, म्हणजे १९९४ मध्ये, बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञ पीटर शोर यांनी लांबी वाढविण्याच्या उपायाचीच मर्यादा दाखवून दिली. त्यांची रीत समजून घेण्यासाठी १५ या लहान संख्येचे उदाहरण घेता येईल.

७ या संख्येचे क्रमाने घात करावेत आणि प्रत्येक घाताला १५ ने भागून उरणारी बाकी लिहावी. ७ ची बाकी ७, ४९ ची ४, ३४३ ची १३ आणि २,४०१ ची १ येते. पुढे ७, ४, १३, १ हाच क्रम पुन्हा सुरू होतो. म्हणजे या क्रमाचे आवर्तन चार पदांचे आहे. आता चारच्या निम्मा, म्हणजे दुसरा घात घ्यावा. तो आहे ४९. त्यातून एक वजा केल्यास ४८ आणि त्यात एक मिळविल्यास ५० येतात. ४८ व १५ यांचा महत्तम साधारण विभाजक ३ आहे, तर ५० व १५ यांचा ५ आहे. हेच १५ चे अवयव होत.

अवयव शोधण्याचा प्रश्न अशा प्रकारे आवर्तन शोधण्याच्या प्रश्नात रूपांतरित होतो. हे रूपांतर शोर यांच्या आधीही ज्ञात होते. परंतु ६१७ अंकी संख्येच्या बाबतीत हे आवर्तन इतके लांब असते की, पारंपरिक संगणकाला ते गाठता येत नाही. शोर यांचे योगदान असे की, क्वांटम संगणक हे आवर्तन कार्यक्षमतेने शोधू शकतो, हे त्यांनी दाखविले.

हे कसे घडते याविषयी एक गैरसमज रूढ आहे. क्वांटम संगणक सर्व उत्तरे एकाच वेळी तपासून योग्य उत्तर उचलतो, असे म्हटले जाते. वस्तुतः क्यूबिट हा ० आणि १ या अवस्थांच्या अध्यारोपणात असू शकतो आणि अनेक क्यूबिटांचे अध्यारोपण असंख्य शक्यता सामावून घेते, हे खरे असले तरी मापन करताच त्यांपैकी एकच शक्यता हाती येते, आणि तीही यदृच्छेने. म्हणून केवळ अध्यारोपणाचा उपयोग नाही. शोर यांच्या रीतीत या शक्यतांचे तरंगांप्रमाणे व्यतिकरण घडवून आणले जाते. आवर्तनाशी न जुळणाऱ्या शक्यता परस्परांना खोडून काढतात आणि जुळणाऱ्या शक्यता बळकट होतात. आवर्तन ज्या प्रश्नात दडलेले नाही, तेथे हा लाभ मिळत नाही.

यावरून कोणते कूटलेखन धोक्यात आहे आणि कोणते नाही, हेही स्पष्ट होते. आर.एस.ए., डिफी-हेलमन आणि विवृत्तीय वक्रांवर आधारलेले कूटलेखन या तिन्हींच्या मुळाशी आवर्तन आहे. म्हणून ती तिन्ही शोर रीतीपुढे टिकत नाहीत. याउलट प्रत्यक्ष मजकूर कूटबद्ध करणाऱ्या ए.ई.एस. सारख्या एक-किल्ली पद्धतींत असे आवर्तन नाही. तेथे लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये मांडलेली शोधरीत लागू पडते. परंतु ती किल्लीची परिणामकारक लांबी फार तर निम्मी करते. २५६ बिटांची किल्ली वापरल्यास १२८ बिटांइतकी सुरक्षितता शिल्लक राहते आणि ती पुरेशी मानली जाते. मात्र ही किल्ली दोन टोकांना पोहोचविण्याचे काम बहुतेक ठिकाणी सार्वजनिक किल्लीच करते. तिजोरी भक्कम असून तिची किल्ली कच्च्या पेटीतून पाठवावी, तशी ही स्थिती आहे.

४. यंत्राची प्रगती : संख्या आणि गुणवत्ता

शोर यांची रीत कागदावर सिद्ध असली तरी ती चालविणारे यंत्र घडविणे हे निराळे आव्हान आहे. २००१ मध्ये आय.बी.एम.च्या संशोधकांनी सात क्यूबिटांच्या यंत्रावर १५ चे अवयव काढले. २०१२ मध्ये २१ या संख्येवर तसाच प्रयोग झाला. परंतु त्यात उत्तर आधीच ठाऊक असल्याचा लाभ घेऊन मांडणी सुटसुटीत करण्यात आली होती. २०१९ मध्ये गूगलच्या ५३ क्यूबिटांच्या ‘सिकॅमोर’ यंत्राने एक विशिष्ट गणन २०० सेकंदांत केले. त्याच गणनास महासंगणकाला दहा हजार वर्षे लागतील, असा दावा करण्यात आला, तो आय.बी.एम.ने त्याच वर्षी खोडून काढला आणि अडीच दिवस पुरतील, असे म्हटले. त्या गणनाचा कूटलेखनाशी संबंध नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये आय.बी.एम.ने १,१२१ क्यूबिटांचे ‘कॉन्डॉर’ यंत्र जाहीर केले.

तथापि क्यूबिटांची नुसती संख्या दिशाभूल करणारी ठरू शकते. क्यूबिट अत्यंत संवेदनशील असतो. उष्णता, विद्युतचुंबकीय गोंगाट आणि शेजारच्या क्यूबिटांचा प्रभाव यांमुळे त्याच्या अवस्थेत चुका शिरतात. शोर रीतीला लागणाऱ्या कोट्यवधी क्रिया अशा क्यूबिटांवर पार पडू शकत नाहीत. म्हणून अनेक भौतिक क्यूबिटांचा समूह करून त्यांपासून एक विश्वसनीय ‘तार्किक’ क्यूबिट घडवावा लागतो. यातही पेच असा की, समूह वाढला की चुकांच्या जागाही वाढतात. मूळ चुकांचे प्रमाण एका ठरावीक उंबरठ्याखाली असेल तरच समूह वाढविल्याने एकूण चूक कमी होते.

डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गूगलच्या १०५ क्यूबिटांच्या ‘विलो’ यंत्राचे महत्त्व यातच आहे. क्यूबिटांची जाळी ३×३ वरून ५×५ आणि पुढे ७×७ अशी वाढविली असता प्रत्येक टप्प्यावर तार्किक चुकीचे प्रमाण निम्म्याहून थोडे कमी झाले. म्हणजे उंबरठा ओलांडला गेला. तरीही हे यंत्र एका तार्किक क्यूबिटातील माहिती टिकवून ठेवण्यापुरते होते. शोर रीतीला असे हजारो तार्किक क्यूबिट आणि त्यांवरील दीर्घ क्रियामाला लागते.

दुसरीकडे, लागणाऱ्या साधनांचा अंदाजही स्थिर राहिलेला नाही. २०१९ मध्ये क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरा यांनी २,०४८ बिटांची आर.एस.ए. किल्ली आठ तासांत फोडण्यास दोन कोटी सदोष भौतिक क्यूबिट लागतील, असे गणित मांडले. मे २०२५ मध्ये गिडनी यांनीच तो अंदाज दहा लाखांहून कमी क्यूबिट आणि एका आठवड्याहून कमी काळ इतका खाली आणला. या काळात यंत्राच्या अपेक्षित गुणवत्तेविषयीची गृहीतके फारशी बदलली नव्हती. बदलली ती रीत. १९७७ च्या अंदाजाबाबत जे घडले त्याचीच ही पुनरावृत्ती होय. यंत्र वर चढत आहे आणि गाठायचे शिखर खाली येत आहे, असे दुहेरी चित्र येथे दिसते.

५. आजचा संदेश, उद्याचा उलगडा

यंत्र अद्याप दूर आहे म्हणून निश्चिंत राहता येईल काय? इतिहासातील एक प्रकरण याचे उत्तर नकारार्थी देते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने सोव्हिएत संघाच्या कूटबद्ध तारा साठवून ठेवल्या आणि १९४३ मध्ये त्यांच्या अभ्यासाला प्रारंभ केला. हा उपक्रम पुढे ‘व्हेनोना’ या नावाने ओळखला गेला. सोव्हिएत यंत्रणेने एकदाच वापरायच्या किल्ल्यांची काही पाने दोनदा वापरल्याची चूक अभ्यासकांच्या लक्षात आली. डिसेंबर १९४६ मध्ये मेरेडिथ गार्डनर यांनी १९४४ चा एक संदेश उलगडला. त्यात अणुबॉम्ब प्रकल्पातील शास्त्रज्ञांची नावे होती. हे काम १९८० पर्यंत चालू राहिले. संदेश पाठविताना सुरक्षित वाटला, याचा अर्थ तो कायम सुरक्षित राहिला, असा होत नाही.

महासागराखालील तारांमधून वाहणारी माहिती आज टिपून साठविणे तुलनेने स्वस्त आहे. ती आज वाचता येत नसली तरी साठविणाऱ्याला घाई नाही. ज्या माहितीचे मोल काही दिवसांत संपते, तिच्या बाबतीत हा धोका नगण्य आहे. परंतु रुग्णाचा जनुकीय तपशील, राजनैतिक पत्रव्यवहार किंवा संरक्षणविषयक आराखडे यांचे मोल दशकानुदशके टिकते.

वॉटर्लू विद्यापीठातील मिकेले मोस्का यांनी हा विचार एका साध्या असमानतेत मांडला आहे. माहिती गुप्त राहण्याचा आवश्यक काळ ‘क’, नवी पद्धत अंगीकारण्यास लागणारा काळ ‘ख’ आणि समर्थ क्वांटम संगणक येण्यास लागणारा काळ ‘ग’ मानल्यास, क आणि ख यांची बेरीज ग पेक्षा अधिक असेल तर उशीर झालेला आहे. समजा, एखादी वैद्यकीय नोंद २५ वर्षे गुप्त राहायला हवी आणि स्थित्यंतरास १० वर्षे लागणार आहेत. अशा वेळी यंत्र ३० वर्षांनी आले तरी स्थित्यंतराच्या अखेरच्या पाच वर्षांत पाठविलेल्या नोंदी मुदतीपूर्वीच उघड होतील. ‘ग’ कोणालाच निश्चित ठाऊक नाही. ‘क’ आणि ‘ख’ मात्र प्रत्येक संस्थेला स्वतः मोजता येतात.

डिजिटल स्वाक्षरीची बाब थोडी वेगळी आहे. यंत्र येण्यापूर्वी पडताळलेली स्वाक्षरी मागाहून खोटी ठरत नाही. परंतु यंत्र आल्यानंतर जुन्या तारखेची बनावट स्वाक्षरी तयार करता येईल आणि मग खऱ्या व खोट्या जुन्या दस्तऐवजांत केवळ स्वाक्षरीच्या बळावर भेद करणे अशक्य होईल. दीर्घकाळ पुरावा म्हणून वापरले जाणारे दस्तऐवज वेळेत नव्या पद्धतीने पुन्हा स्वाक्षरांकित करणे, अथवा त्यांची काळनोंद सुरक्षित करणे, म्हणूनच आवश्यक आहे.

६. उत्तर-क्वांटम कूटलेखन

या धोक्यावरील उपाय क्वांटम यंत्रातच शोधावा लागतो, असे नाही. आजच्याच संगणकांवर चालणाऱ्या, परंतु आवर्तनावर न आधारलेल्या गणिती प्रश्नांवर नवी कुलपे उभारता येतात. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या राष्ट्रीय मानक संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये यासाठी जगभरातून प्रस्ताव मागविले. पहिल्या फेरीसाठी ६९ प्रस्ताव स्वीकारण्यात आले. खुल्या परीक्षणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये तीन मानके प्रसिद्ध झाली : किल्ली पोहोचविण्यासाठी एम.एल.-के.ई.एम. आणि स्वाक्षरीसाठी एम.एल.-डी.एस.ए. व एस.एल.एच.-डी.एस.ए. पहिल्या दोन पद्धती अनेक मितींतील जालकांशी निगडित प्रश्नांवर आधारलेल्या आहेत. तिसरी केवळ हॅश फलनावर विसंबते. मार्च २०२५ मध्ये एच.क्यू.सी. ही संकेत सिद्धान्तावरील पद्धत पर्याय म्हणून निवडण्यात आली, जेणेकरून सारा भार एकाच गणिती कल्पनेवर राहू नये.

ही सावधगिरी अनाठायी नव्हती. २०२२ मध्ये स्पर्धेच्या पुढील फेऱ्यांत पोहोचलेल्या दोन पद्धती पारंपरिक संगणकानेच फोडल्या गेल्या. ‘रेनबो’ ही स्वाक्षरी पद्धत एका लॅपटॉपवर, तर ‘साइक’ ही किल्ली पद्धत एका संगणक-गाभ्यावर सुमारे तासाभरात कोलमडली. म्हणून व्यवहारात जुनी आणि नवी अशी दोन्ही कुलपे एकत्र लावण्याची संमिश्र पद्धत स्वीकारली जात आहे. सिग्नल या संदेशसेवेने २०२३ मध्ये, तर ॲपलची संदेशसेवा व क्रोम ब्राउझर यांनी २०२४ मध्ये अशी व्यवस्था आणली.

नव्या पद्धतींची किंमत आकारमानात मोजावी लागते. २,०४८ बिटांच्या आर.एस.ए. स्वाक्षरीस २५६ बाइट पुरतात, एम.एल.-डी.एस.ए.च्या मधल्या श्रेणीतील स्वाक्षरी ३,३०९ बाइटांची असते. संगणकाला हा भार जाणवत नाही. स्मार्टकार्ड, विद्युतमापक यांसारख्या अल्पस्मृती साधनांना मात्र तो जाणवतो.

क्वांटम किल्ली-वितरण हा निराळा मार्ग आहे. १९८४ मध्ये चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी त्याची मांडणी केली. त्यात चोरून ऐकणाऱ्याचा हस्तक्षेप भौतिक नियमांमुळेच उघड होतो. परंतु त्यासाठी विशेष उपकरणे लागतात आणि पलीकडची व्यक्ती खरी आहे याची खात्री अन्य मार्गाने करावी लागते. म्हणून तो सार्वत्रिक पर्याय न होता पूरक उपाय ठरतो.

७. स्थित्यंतराचा वेग आणि भारतीय संदर्भ

नवे मानक प्रसिद्ध होणे आणि ते सर्वत्र लागू होणे यांत मोठे अंतर असते. एस.एच.ए.-१ या हॅश फलनातील उणीव २००५ मध्ये उघड झाली. २०१७ मध्ये त्याचा प्रत्यक्ष भंग करून दाखविण्यात आला. तरीही ‘निस्ट’ने २०२२ मध्ये त्याच्या पूर्ण निवृत्तीसाठी २०३० च्या अखेरची मुदत दिली. एका फलनाच्या निरोपाला पाव शतक लागत असेल, तर सार्वजनिक किल्लीची संपूर्ण व्यवस्था बदलण्यास किती काळ लागेल, याची कल्पना करता येते. ‘निस्ट’च्या नोव्हेंबर २०२४ च्या मसुद्यात आर.एस.ए. व विवृत्तीय वक्र पद्धती २०३५ नंतर वर्ज्य ठरविण्याचे प्रस्तावित आहे.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा मिळू लागला. सातबारा किंवा पदवी प्रमाणपत्र हे दस्तऐवज एका पिढीहून अधिक काळ वापरात राहतात. म्हणून ‘क’ चे मूल्य येथे मोठे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम अभियानासाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद असून २०३०-३१ पर्यंत ५० ते १,००० क्यूबिटांचे संगणक घडविण्याचे उद्दिष्ट आहे. अभियानाच्या चार केंद्रांपैकी क्वांटम संवेदनाचे केंद्र मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आहे. यंत्र घडविण्याचे हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. परंतु कुलपे बदलण्याचे काम प्रयोगशाळेतील नव्हे, तर प्रत्येक कार्यालयातील आहे आणि त्याला यंत्राची वाट पाहण्याची गरज नाही.

या कामाची पहिली पायरी गणिती नसून प्रशासकीय आहे. संस्थेत कोठे कोणते कूटलेखन वापरले जाते, कोणती माहिती किती वर्षे गुप्त राहायला हवी आणि नव्या खरेदीत कूटपद्धती बदलण्याची सोय आहे किंवा नाही, याची सूची करणे, ही ती पायरी होय. परीक्षा विभाग, ग्रंथालय आणि संशोधन केंद्र चालविणाऱ्या महाविद्यालयालाही ही सूची करता येण्यासारखी आहे.

८. निष्कर्ष

१. क्वांटम संगणकामुळे सर्व कूटलेखन निष्प्रभ होईल, हे विधान अतिशयोक्त आहे. धोका प्रामुख्याने सार्वजनिक किल्लीला आहे.

२. यंत्राची प्रगती क्यूबिटांच्या संख्येने नव्हे, तर तार्किक क्यूबिटांच्या विश्वसनीयतेने मोजली पाहिजे.

३. सुरक्षिततेचे अंदाज यंत्रापेक्षा नव्या रीतींमुळे अधिक वेळा कोसळले आहेत. म्हणून दूरच्या तारखेवर विसंबून राहणे अयोग्य आहे.

४. पर्यायी पद्धती उपलब्ध आहेत. परंतु त्या नव्या असल्याने संमिश्र वापर आणि सतत परीक्षण आवश्यक आहे.

५. दीर्घायुषी माहितीच्या बाबतीत निर्णयाची वेळ यंत्र येण्याच्या दिवशी नसून माहिती पाठविण्याच्या दिवशी असते.

यंत्र कदाचित दहा वर्षांत येईल, कदाचित तीस वर्षांनी येईल. आज बंद केलेले पाकीट तेव्हा कोणाच्या हाती असेल, हे पाठविणाऱ्याला ठरविता येत नाही. ते कोणत्या लाखेने बंद करावे, एवढे मात्र आजही त्याच्या हाती आहे.